विश्लेषण : बटण बंद झालं, पण मशीन थांबलं का? सेंट्रिफ्यूजची सर्वांत धोक्याची मिनिटं

१ ऑगस्ट २०२०. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड तालुक्यात, बेला इथल्या मानस अ‍ॅग्रो इंडस्ट्रीजच्या साखर कारखान्याच्या आवारात स्फोट झाला आणि पाच कामगारांचा जीव गेला. बायोगॅसच्या टाकीजवळ वेल्डिंगचं काम सुरू होतं. ऑगस्ट महिना म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम नसलेला काळ. तरीही जीव गेले ते दुरुस्तीच्या कामात.

या घटनेत एक धडा आहे, आणि तो फक्त टाकीपुरता नाही. कारखाना पूर्ण जोरात चालू असतो तेव्हा बहुतेक गोष्टी ठरल्याप्रमाणे होतात. धोका वाढतो तो मशीन सुरू करताना, बंद करताना आणि 'बंद आहे' असं समजून त्यात हात घालताना. ज्या मशीनमध्ये ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते, ते मशीन म्हणजे सेंट्रिफ्यूज.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा इतिहासजमा झाला. त्यामुळे एक प्रश्न नव्यानं महत्त्वाचा झाला आहे. फिरत्या मशीनचं झाकण कधी उघडायचं, हे आता कोण ठरवणार आणि ते पाळलं जातंय का, हे कोण बघणार?

सेंट्रिफ्यूज म्हणजे काय? नागपुरात त्याचा काय संबंध?

कपडे धुण्याच्या मशीनमधला 'स्पिन ड्रायर' बहुतेकांनी पाहिलेला असतो. ओले कपडे असलेला जाळीचा डबा वेगानं फिरतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. सेंट्रिफ्यूजचं तत्त्व हेच. घन आणि द्रव, किंवा जड आणि हलका द्रव वेगळा करायचा असेल तर मिश्रण जोरात फिरवायचं.

हे मशीन अनेक रूपांत दिसतं. साखर कारखान्यात साखरेचे दाणे आणि मळी वेगळी करणारं. औषध आणि रसायन कारखान्यात ओल्या पावडरीतून द्रावक काढणारं, ज्याला कामगार 'बास्केट' म्हणतात. डेअरीत दुधातून साय वेगळी करणारं सेपरेटर. कापड रंगवण्याच्या कारखान्यात आणि मोठ्या लाँड्रीत पाणी झटकणारं हायड्रो एक्स्ट्रॅक्टर.

सांडपाणी केंद्रांत गाळ कोरडा करायला 'डिकँटर' प्रकारचा सेंट्रिफ्यूज वापरला जातो. नागपूरच्या भांडेवाडीत शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. सांडपाणी शुद्ध करण्याच्या योजना जशा वाढतील, तशी गाळ हाताळणारी मशीनं आणि त्यांवर काम करणारी माणसंही वाढणार. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, उमरेड या औद्योगिक वसाहतींचा पसारा पाहिला, तर हा विषय तज्ज्ञांपुरता राहत नाही. इथे पाळीला जाणारा माणूस कुणाच्या ना कुणाच्या घरातला असतो.

फिरणाऱ्या डब्यात किती ताकद असते?

साधं गणित पाहू. सव्वा मीटरहून थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर व्यासाचं बास्केट आहे. ते मिनिटाला १,००० फेरे घेतंय. अशा वेळी बास्केटच्या कडेचा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर असतो. आत असलेल्या मालावर त्याच्या वजनाच्या साधारण ६७० पट जोर येतो.

आता समजा, बास्केटच्या कडेला असलेलं लोखंड आणि माल मिळून ५०० किलो वजन फिरतंय. त्यात साठलेली ऊर्जा समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगानं धावणाऱ्या एक टनाच्या कारपेक्षा जवळपास पावणेदोन पट असते. बटण बंद केल्यावर मोटरचा वीजपुरवठा तुटतो, पण ही ऊर्जा कुठेही जात नाही. ब्रेक नसेल किंवा नीट काम करत नसेल, तर ती संपेपर्यंत डबा फिरत राहतो.

दुसरी गोष्ट तोल. याच वेगात बास्केटच्या एका बाजूला पाच किलो माल जास्त साचला, तर मशीनला एका बाजूला ओढणारा जोर तीन टनांहून अधिक वजनाइतका होतो. तोही फिरत फिरत, सेकंदाला सोळाहून जास्त वेळा दिशा बदलत. बेअरिंग, पायाचे बोल्ट, झाकणाचे बिजागर या सगळ्यांना तो हादरा सोसावा लागतो.

वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून 'थोडा स्पीड वाढव, लवकर सुकेल' हे वाक्य जीवघेणं ठरू शकतं.

सुरू करताना नेमकं काय होतं?

प्रत्येक फिरत्या मशीनचा एक 'नाजूक वेग' असतो. झोपाळ्याला योग्य लयीत ढकललं की तो कमी जोरातही उंच जातो. तसंच विशिष्ट वेगाला मशीनचा थरथराट अचानक वाढतो. अनेक सेंट्रिफ्यूजचा रोजचा वेग या नाजूक वेगाच्या वर असतो. म्हणजे सुरू करताना एकदा आणि बंद करताना एकदा, असं दोन वेळा त्या टप्प्यातून जावंच लागतं. पूर्ण वेगात शांत चालणारं मशीन मधेच जोरात थरथरतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. हा टप्पा न रेंगाळता ओलांडायचा असतो. थरथराट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर वेग वाढवत न बसता मशीन बंद करायचं असतं.

सुरू करण्याआधीची कामं कंटाळवाणी वाटतात, पण अपघात टळतो तो तिथेच. आधीच्या पाळीत कुणी आत पाना, ब्रश, कापडी बोळा विसरलं नाही ना? बास्केटमध्ये जुना माल एका बाजूला सुकून चिकटला नाही ना? गाळणीचं कापड नीट बसलंय का? बास्केट हातानं फिरवल्यावर मोकळं फिरतं का, कुठे घासत नाही ना? हे पाहताना वीजपुरवठा कुलूपबंद असला पाहिजे.

मोटर किंवा पॅनलची दुरुस्ती झाली असेल, तर आणखी एक तपासणी लागते. तीन फेजमधल्या दोन वायर उलटसुलट जोडल्या गेल्या तर मोटर उलटी फिरते. काही मशीनमध्ये उलट्या फिरण्यानं आटे सैल होऊ शकतात. म्हणून दुरुस्तीनंतर झाकण लावून, क्षणभर मोटर चालवून दिशा पाहिली जाते.

माल कधी भरायचा, हेही मशीननुसार बदलतं. साखरेच्या बॅच मशीनमध्ये आधी कमी वेगात माल घेतात, तो सगळीकडे सारखा पसरला की वेग वाढवतात आणि साखर खरवडून काढताना वेग पुन्हा अगदी खाली आणतात. डिकँटरमध्ये उलट असतं. तो रिकामाच पूर्ण वेगावर आणतात आणि मग गाळ सोडतात. म्हणून 'सगळे सेंट्रिफ्यूज सारखेच' हा समज धोक्याचा आहे. एका मशीनवर दहा वर्षं काम केलेला माणूसही दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर नवखाच असतो.

बंद करताना घोटाळा कुठे होतो?

बंद करण्याचा क्रम साधारण असा : आधी आत येणारा माल थांबवायचा, मग गरज असेल तर धुऊन काढायचं, त्यानंतर मोटर बंद करायची, ब्रेक लावायचा आणि फिरणं पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच झाकण उघडायचं.

डिकँटर न धुता बंद केला तर आतला गाळ सुकून एका बाजूला बसतो. त्याचा त्रास त्या पाळीला होत नाही. तो होतो दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करणाऱ्याला. सुरू करतानाच्या कित्येक बिघाडांचं मूळ आदल्या दिवशीच्या घाईत असतं.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो 'थांबलं' या शब्दात. मोटरचा आवाज थांबणं म्हणजे बास्केट थांबणं नाही. मोठं सेपरेटर मोटर बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहू शकतं. अशा वेळी झाकण उघडून खुरपं किंवा दांडा आत घातला, तर फिरतं बास्केट तो दांडा ओढून घेतं आणि त्यामागून हातही जातो. लाकडाचा तुकडा दाबून डबा थांबवणं हा तर अपघाताला निमंत्रण देण्याचाच प्रकार. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंडाला, गळ्याला दुपट्टा बांधणं ही गरज आहे, पण फिरत्या मशीनजवळ तोच दुपट्टा फास बनू शकतो.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. वीज गेल्यावर काही प्रकारचे ब्रेक काम करत नाहीत आणि बास्केट नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरतं. त्यामुळे झाकणाचं कुलूप असं हवं की वीज गेली तरी ते बंदच राहील. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. कुणीतरी पुन्हा बटण दाबेपर्यंत ते थांबूनच राहिलं पाहिजे.

दुरुस्ती किंवा सफाई करायची असेल, तर नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि ज्याचा हात आत जाणार, त्याच माणसाच्या खिशात किल्ली ठेवायची. 'काम चालू आहे' असा फलक लावायचा. मग बटण दाबून पाहायचं की मशीन खरोखर सुरू होत नाही. पाळी बदलली तर किल्लीही हातोहात बदलायची. खर्च एका कुलपाचा आहे.

आगीचा धोका वेगळा का धरायचा?

औषध आणि रसायन कारखान्यांत बास्केटमध्ये पाण्याऐवजी मिथेनॉल, टोल्यूइनसारखी द्रावकं असतात. वेगानं फिरताना आणि द्रव गाळला जाताना स्थिर वीज तयार होते. आत पेटणारी वाफ आणि हवा असेल तर एक ठिणगी पुरते.

म्हणून बास्केट आणि मशीनचा सांगाडा नीट अर्थिंग केलेला हवा. सुरू करण्याआधी आत नायट्रोजन सोडून ऑक्सिजनचं प्रमाण सुरक्षित मर्यादेखाली आणलं जातं आणि मशीन पूर्ण थांबेपर्यंत ते तसंच ठेवलं जातं. वेग कमी होतोय, म्हणून नायट्रोजन आधीच बंद करणं चूक आहे. पण नायट्रोजनचाही धोका आहे. त्याला ना रंग, ना वास. नायट्रोजन भरलेल्या बास्केटमध्ये वाकून डोकं घालणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो.

नागपूरचं हवामानही यात येतं. द्रावकाची वाफ पेटण्याइतकी कधी होते, हे तापमानावर ठरतं. मिथेनॉल आणि टोल्यूइन हिवाळ्यातल्या दुपारीही धोक्याचीच असतात. झायलीनची पातळी मात्र साधारण २५ ते ३० अंशांच्या आसपास आहे. जानेवारीच्या पहाटे जे काम निभावून गेलं, तेच काम मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, पारा ४५ वर असताना निभावेलच असं नाही. 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

नियम माहीत असूनही झाकण का उघडलं जातं?

कारण वेळ. समजा, एका पाळीत बारा बॅच काढायच्या आहेत आणि प्रत्येक वेळी बास्केट थांबायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे पाळीतला एक तास नुसतं थांबण्यात जातो. झाकणाचं सेन्सर तार जोडून किंवा चुंबक चिकटवून फसवलं, तर तो तास वाचतो आणि उत्पादन वाढतं. हे फसवणं एकदा खपलं की तीच पद्धत होते. नव्यानं आलेल्या हेल्परला तर मशीन असंच चालवायचं असतं, असं वाटू लागतं.

त्यामुळे अपघातानंतर 'कामगाराची चूक' असं लिहून फाईल बंद करणं सोपं असलं तरी अपुरं आहे. सेन्सर कुणी फसवलं, सुपरवायझरला ते दिसत होतं का, उत्पादनाचं लक्ष्य ठरवताना थांबण्याचा वेळ धरला होता का, चांगला ब्रेक बसवून तो वेळ कमी करता आला असता का? हे प्रश्न व्यवस्थापनाचे आहेत. झाकणाशी उभा असलेला माणूस बहुधा कंत्राटी असतो आणि त्याला 'नाही' म्हणणं सर्वांत महाग पडतं.

कायदा काय सांगत होता, आता काय बदललं?

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३० मध्ये विजेवर फिरणारी भांडी, पिंजरे, बास्केट यांचा सुरक्षित वेग ओलांडला जाणार नाही, याची तजवीज करणं बंधनकारक होतं. कलम २१ मध्ये धोकादायक भागांना संरक्षक आवरण, तर कलम ३७ मध्ये पेटणारी वाफ आणि धूळ यांबाबतची काळजी होती.

या कायद्याखालच्या नमुना नियमांमध्ये सेंट्रिफ्यूजचा वेगळा उल्लेख होता. बास्केट फिरत असताना झाकण उघडणार नाही आणि झाकण उघडं असताना बास्केट फिरणार नाही, अशी दुहेरी व्यवस्था हवी. प्रभावी ब्रेक हवा. कमाल वेग मशीनवर दिसेल असा कोरलेला हवा. सक्षम व्यक्तीकडून नियमित तपासणी हवी. म्हणजे काय करायला हवं, हे काही दशकांपासून लिहून ठेवलेलं आहे.

आता त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेनं घेतली आहे. संसदेनं ती २०२० मध्ये मंजूर केली होती. संक्रमणाच्या काळात, नव्या संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम लागू राहतील, असं केंद्र सरकारनं स्पष्ट केलं आहे.

नव्या संहितेत काही बाबी कामगाराच्या बाजूच्या आहेत. नियुक्तीपत्र, ठरावीक वयावरील कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी, गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क. कर्तव्यात कसूर झाल्यानं मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

काळजीची बाजूही आहे. मूळ केंद्रीय कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून कायद्याच्या कक्षेत येत होता. नव्या संहितेत 'कारखाना' या व्याख्येसाठी ही संख्या वीस आहे. 'निरीक्षक' आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाला आहे आणि तपासणीसाठी संगणकाद्वारे निवडीवर भर आहे. लहान युनिटमध्ये जुनं, दुसऱ्या हातानं घेतलेलं मशीन असण्याची शक्यता जास्त. तिथपर्यंत तपासणी पोहोचली नाही, तर उत्तम नियमही कागदावर राहतो.

नागपूरनं हे गांभीर्यानं का घ्यावं?

गेल्या काही वर्षांची यादीच पुरेशी बोलकी आहे. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या सोलार इंडस्ट्रीजमध्ये स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले, त्यात सहा महिला होत्या. १३ जून २०२४ ला धामणा इथल्या चामुंडी एक्सप्लोसिव्हमध्ये पुन्हा तेच. २४ जानेवारी २०२५ ला शेजारच्या भंडारा आयुध निर्माणीत आठ जणांचा मृत्यू. ११ एप्रिल २०२५ ला उमरेड एमआयडीसीतल्या अ‍ॅल्युमिनियम पावडर बनवणाऱ्या एमएमपी इंडस्ट्रीजमध्ये स्फोट आणि किमान पाच बळी.

या दुर्घटना सेंट्रिफ्यूजच्या नव्हत्या आणि प्रत्येकीची परिस्थिती वेगळी होती. पण त्यानंतरचा क्रम ओळखीचा आहे. आधी गेटवर नातेवाइकांचा आक्रोश, मग मदतीची घोषणा, मग चौकशी. विशेष म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरातच आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही याच शहरात आहे. या शहरात ज्ञानाची वानवा नाही. ते ज्ञान मशीनपाशी उभ्या असलेल्या हेल्परपर्यंत त्याच्या भाषेत पोहोचतं का, हा खरा प्रश्न आहे.

कामगारानं आणि घरच्यांनी काय विचारावं?

पाच प्रश्न पुरेसे आहेत.

१. मशीन फिरत असताना झाकण उघडतं का? उघडत असेल, तर ते मशीन वापरण्यायोग्य नाही.

२. कमाल वेग मशीनवर लिहिलेला आहे का आणि पॅनलवर प्रत्यक्ष वेग दिसतो का?

३. सुरू आणि बंद करण्याचा क्रम मराठीत किंवा हिंदीत मशीनजवळ लावलेला आहे का?

४. दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विचला कुलूप लागतं का आणि किल्ली कुणाकडे असते?

५. थरथराट, वेगळा आवाज किंवा वास आल्यावर मशीन बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे का? बंद केल्याबद्दल त्याला बोलणी तर बसत नाहीत ना?

उत्तरं समाधानकारक नसतील, तर सुरक्षा समिती, सुरक्षा अधिकारी किंवा कामगार संघटनेकडे लेखी तक्रार करता येते. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाता येतं. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं, लेखी तक्रारीची नोंद राहते.

नवी संहिता यशस्वी झाली की नाही, हे राजपत्रातल्या अधिसूचनांवरून कळणार नाही. उत्पादनाची घाई असलेल्या रात्रपाळीत, बटण बंद केल्यावर, बास्केट पूर्ण थांबेपर्यंतची ती पाच मिनिटं कामगाराला थांबू दिलं जातं का, यावरून कळेल.